जॉन टिंडल आणि उष्णतेचे न दिसणारे किरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत 'टिंडल परिणाम' दोन मार्कांसाठी पाठ केलेला असतो. त्यामागचा माणूस मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. त्याच्याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच तसे आहेत.

टिंडल म्हणजे कलिलाच्या (द्रवात किंवा हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणाच्या) धड्यातला तोच ना?

तोच. दुधाळ पाण्यातून किंवा धुळकट खोलीतून जाणारा प्रकाशाचा झोत बाजूने दिसतो, त्या परिणामाला त्याचं नाव आहे. पण त्याचं सर्वांत मोठं काम ते नव्हे. हवेतले कुठले वायू उष्णतेचे किरण अडवतात आणि कुठले बिनदिक्कत जाऊ देतात, हे त्याने 1859 पासून पुढची काही वर्षं मोजून दाखवलं. शाळेत नेमकं तेच राहून जातं.

तो मूळचा कुठला? भौतिकशास्त्राकडे कसा वळला?

बराच उशिरा आणि आडवाटेने. जन्म 2 ऑगस्ट 1820, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातल्या लेलिनब्रिज या गावी. वडील पोलीस शिपाई, घरची परिस्थिती बेताची. शाळा संपल्यावर तो सरकारी भूमापन खात्यात लागला. आयर्लंडमध्ये आणि नंतर इंग्लंडमधल्या प्रेस्टन इथे त्याने नकाशे काढले. तिथे कमी पगार आणि आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणारी वागणूक यांविरुद्ध आवाज उठवला, म्हणून 1843 मध्ये नोकरी गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा जिकडेतिकडे रेल्वेचे रूळ पडत होते. त्या मोजणीच्या कामात काही वर्षं गेली. मग 1847 मध्ये हॅम्पशायरमधल्या क्वीनवुड कॉलेजात तो शिक्षक झाला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनशास्त्रज्ञ सहकारी होता. दोघांनी ठरवलं की खरं विज्ञान शिकायचं तर जर्मनी गाठायला हवी.

1848 मध्ये साठवलेले पैसे घेऊन टिंडल मारबुर्गला गेला. वय अठ्ठावीस. तिथे रॉबर्ट बुन्सेन शिकवत होता, ज्याच्या नावाचा बर्नर आपण प्रयोगशाळेत पेटवतो तोच. दोनेक वर्षांत टिंडलने डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर 1851 मध्ये काही काळ बर्लिनला गुस्टाव मॅग्नस यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. या मॅग्नसशी पुढे त्याचं चांगलंच वाजलं, ते खाली येईलच.

माझ्या मते भूमापनाची ती वर्षं वाया गेली नाहीत. मोजताना चूक कुठून शिरते, हे साखळी आणि दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

रॉयल इन्स्टिट्यूशनशी त्याचा संबंध काय?

1853 मध्ये लंडनच्या या संस्थेत तो प्राध्यापक झाला. तिथे मायकेल फॅरडे आधीपासून होते. 1867 मध्ये फॅरडे गेल्यावर त्यांची जागा टिंडलकडे आली आणि 1887 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. तळघरात प्रयोगशाळा, वर व्याख्यानाचं दालन. दिवसभर खाली जे सापडायचं ते शुक्रवारी संध्याकाळी वर लोकांसमोर करून दाखवायचं, अशी तिथली रीत होती. मुलांसाठी नाताळची व्याख्यानंही असत.

महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये कलकत्त्यात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' काढली, तेव्हा त्यांच्यासमोर याच संस्थेचा नमुना होता. पुढे त्या कलकत्त्याच्या संस्थेत कोण काम करू लागलं, हे आकाशाच्या प्रश्नात येतं.

प्रकाश आणि उष्णता हे दोन वेगळे विषय नाहीत का?

अठराव्या शतकापर्यंत तसंच मानत. 1800 मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात तापमापी ठेवत गेले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा जास्त चढला. हेच अवरक्त किरण. पुढे इटलीचे मॅसेडोनिओ मेलोनी यांनी थर्मोपाइल (उष्णता लागली की बारीक वीजप्रवाह देणारं उपकरण) वापरून दाखवलं की हे किरणही प्रकाशासारखेच परावर्तित होतात, वळतात, काही पदार्थांतून जातात आणि काहींत अडकतात.

मेलोनींचं काम मुख्यतः घन आणि द्रव पदार्थांवर होतं. वायू हाताळायला कठीण, कारण त्यांचा परिणाम इतका बारीक की उपकरणाच्या थरथरीत हरवून जावा. टिंडलने हात घातला तो इथे.

वायूंवरचा तो प्रयोग नेमका कसा होता?

थोडक्यात सांगायचं तर सुमारे चार फूट लांबीची पितळी नळी, एका टोकाला उष्णता देणारा स्रोत (उकळत्या पाण्याचा डबा), दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल. नळीतली हवा काढायची, गॅल्व्हानोमीटरचा (बारीक वीजप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा बघायचा, मग हवा तो वायू भरायचा आणि काटा किती हलतो ते पाहायचं. सांगायला सोपं आहे. करताना एकेक अडचण उभी राहते.

पहिली अडचण नळीच्या तोंडांची. ती बंद तर हवीत, पण काच चालत नाही, कारण उकळत्या पाण्याच्या तापमानाला निघणारे किरण काच जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून त्याने दोन्ही टोकांना सैंधवाच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या बसवल्या. आपल्या स्वयंपाकघरात असतं तेच सैंधव, फक्त मोठ्या स्वच्छ स्फटिकाच्या रूपात. सैंधव हे किरण जाऊ देतं. पण मीठच ते, ओल लागली की पृष्ठभागावर पाणी धरतं आणि मग ते पाणीच उष्णता शोषून माप बिघडवतं.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. स्रोत जोरदार ठेवला तर काटा पार टोकाला जातो आणि तिथे वायूमुळे पडलेला छोटासा फरक कळत नाही. स्रोत मंद ठेवला तर फरक इतका लहान की दिसतच नाही. टिंडलने यावर काढलेली तोड मला त्याच्या सगळ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. थर्मोपाइलच्या दुसऱ्या तोंडासमोर त्याने उकळत्या पाण्याचा आणखी एक डबा ठेवला आणि मधला पडदा पुढेमागे करत दोन्ही बाजूंची उष्णता अगदी सारखी केली. आता दोन्हीकडून भरपूर उष्णता येते आहे, तरी काटा शून्यावर. नळीत वायू सोडला आणि त्याने थोडीशी जरी उष्णता गिळली, तरी समतोल ढळतो आणि काटा लगेच सरकतो.

तिसरी अडचण हवेची. साध्या खोलीतल्या हवेत बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड असतातच. ते काढून टाकण्यासाठी हवा सल्फ्युरिक आम्लाने भिजवलेल्या काचतुकड्यांवरून आणि दाहक पोटॅशवरून न्यावी लागे.

मे 1859 मध्ये पहिले खात्रीचे निकाल आले. 10 जून 1859 रोजी त्याने ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखवले. अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट होते. सविस्तर निबंध 7 फेब्रुवारी 1861 रोजी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात वाचला.

त्यातून सापडलं काय?

वायू दिसायला सारखेच पारदर्शक असले तरी उष्णतेच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवेच्या शोषणाला 1 धरून त्याने तक्ते केले. वातावरणाइतक्या दाबाला ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन हे 1 च्याच आसपास राहिले. कार्बन डायऑक्साइड 90, मिथेन 403, एथिलीन 970, अमोनिया 1195. हे आकडे त्याच्या नळीचे, त्याच्या स्रोताचे आहेत. आजच्या हवामानशास्त्रातल्या आकड्यांशी ते थेट ताडून पाहू नयेत. पण वाटणी कशी आहे ते स्पष्ट दिसतं. वातावरणाचा जवळजवळ सगळा भाग ज्या दोन वायूंचा आहे, ते या खेळात नाहीतच. सगळं काम चिमूटभर असलेले वायू करतात.

त्यातही बाष्प. टिंडलने म्हटलं की इंग्लंडवरच्या हवेतली वाफ एका उन्हाळी रात्रीपुरती जरी काढून घेतली, तरी गारठ्याने मरू शकणारी प्रत्येक वनस्पती मरेल. वातावरणाला त्याने नदीवरच्या धरणाची उपमा दिली. धरणामुळे पाणी जसं मागे तुंबून पातळी वाढते, तसं जमिनीकडून निघालेल्या उष्णतेला वातावरण अडवतं आणि जमिनीलगतचं तापमान वाढतं.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला यात नवल वाटणार नाही. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की रात्री पारा झपाट्याने उतरतो आणि बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तीच रात्र ढगाळ निघाली तर थंडी पळते. मुंबईत रात्र तितकी गार होत नाही, याला समुद्र शेजारी असणं हे मोठं कारण आहे, पण दमट हवेचाही त्यात वाटा आहे.

मॅग्नसशी वाद कशावरून झाला?

बाष्पावरूनच. मॅग्नस यांनी बर्लिनमध्ये स्वतःच्या पद्धतीने प्रयोग केले आणि बाष्प फारसं शोषण करत नाही असा निष्कर्ष काढला. टिंडलच्या सैंधवाला ओल लागली असावी, असा त्यांचा आक्षेप होता. टिंडलने चकत्या न लावता प्रयोग करून पाहिले, तरी निकाल तोच. वाद अनेक वर्षं चालला. बरोबर टिंडल होता.

ऑक्सिजन आणि नायट्रोजन उष्णता का अडवत नाहीत?

दोन सारख्या अणूंचा रेणू कंप पावला तरी त्यातला विद्युतभार कुठल्या एका बाजूला झुकत नाही, म्हणून अवरक्त लहरीला त्याला धरता येत नाही. पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू वाकतात-ताणतात तेव्हा भाराची मांडणी बदलते. हे स्पष्टीकरण नंतरचं. टिंडलच्या ध्यानात मात्र एवढं आलं होतं की साधी मूलद्रव्यं शोषत नाहीत आणि संयुगं शोषतात, म्हणजे कारण रेणूच्या रचनेत असलं पाहिजे.

मग हरितगृह परिणामाचा शोध टिंडलनेच लावला का? युनिस फूट यांचं काय?

हा प्रश्न आता सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे.

वातावरण उष्णता धरून ठेवतं ही कल्पना 1820 च्या दशकात जोसेफ फूरिए यांनी मांडली होती. 1856 मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या दोन नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून, तापमापी ठेवून ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापलं आणि थंडही सावकाश झालं. अशा वायूचं वातावरण असेल तर पृथ्वी जास्त तापेल, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. त्या वर्षी ऑल्बनी इथे भरलेल्या वैज्ञानिकांच्या सभेत त्यांचा निबंध जोसेफ हेन्री यांनी वाचला. तो छापूनही आला. म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांची सांगड घालण्यात फूट टिंडलच्या तीन वर्षं पुढे होत्या, यात शंका नको.

फरक असा की त्यांच्या प्रयोगात सूर्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता एकत्रच आत शिरत होती, शिवाय काच मध्ये होती. हरितगृह परिणाम अवलंबून असतो तो तापलेल्या जमिनीने परत सोडलेल्या लांब लहरींवर, आणि त्या लहरी वेगळ्या काढून मोजण्याची सोय फूटबाईंकडे नव्हती. टिंडलकडे होती. टिंडलच्या निबंधात फूट यांचं नाव नाही. त्याला त्यांचं काम माहीत होतं की नव्हतं, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

माझं मत विचाराल तर पहिलं निरीक्षण फूट यांचं आणि पहिलं मोजमाप टिंडलचं. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती अंशांनी तापेल, हा हिशेब 1896 मध्ये स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअस यांनी केला. टिंडलला या वायूंमधलं कुतूहल होतं ते हिमयुगं का आली या कोड्यापोटी. कारखान्यांच्या धुराने पृथ्वी तापेल, ही काळजी त्याने केली नव्हती. तसं श्रेय त्याच्या माथी मारणारे लेख वाचले की हसू येतं.

आकाश निळं का दिसतं, हे टिंडलने सांगितलं ना?

अर्धं. 1868-69 च्या सुमारास तो नळीत काही बाष्पं भरून त्यांवर प्रखर प्रकाश सोडत होता. प्रकाशाने बाष्पाचं विघटन होऊन अतिसूक्ष्म कण तयार होत, आणि सुरुवातीला, कण अगदी बारीक असताना, नळीत सुंदर निळा ढग दिसे. कण मोठे झाले की तो पांढरा पडे. त्या निळ्या प्रकाशाचं ध्रुवीकरणही (लहरींची थरथर एकाच दिशेत होणं) आकाशाच्या प्रकाशासारखंच होतं. यावरून त्याने ठरवलं की आकाशाची निळाई हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे असावी.

लॉर्ड रॅली यांनी 1871 मध्ये यामागचं गणित मांडलं आणि 1899 मध्ये दाखवलं की कणांची गरजच नाही, हवेचे रेणूच पुरेसे आहेत. म्हणून आकाशाच्या निळाईला 'टिंडल परिणाम' म्हणणं आज चूक ठरतं. परीक्षेत ही चूक सर्रास होते.

याच वाटेवर पुढे चंद्रशेखर वेंकट रामन भेटतात. 1921 मध्ये युरोपहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी निकोल लोलकातून (ध्रुवीकरण तपासायच्या स्फटिकातून) पाहिली. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे रॅलींचं म्हणणं त्यांना पटेना. पाण्याचे रेणूच प्रकाशाचं विकिरण करतात, म्हणजे तो विखुरतात, हे त्यांनी दाखवलं आणि त्याच मागाने 28 फेब्रुवारी 1928 ला ते रामन परिणामापाशी (विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, तो परिणाम) पोचले. हे काम झालं ते महेंद्रलाल सरकारांच्या त्या कलकत्त्याच्या संस्थेत.

ऑप्टिकल फायबरचा जनक टिंडल, हे खरं का?

नाही. वाकलेल्या पाण्याच्या धारेतून प्रकाश धारेबरोबर वळतो हा खेळ त्याने 1854 मध्ये लोकांना दाखवला, पण जिनिव्हाच्या डॅनिएल कोलाडॉन यांनी तो त्याआधीच करून दाखवला होता.

भौतिकशास्त्रज्ञ जंतूंच्या भानगडीत कसा पडला?

धुळीमुळे. त्याच्या प्रयोगांना धूळविरहित हवा हवी होती. प्रकाशाचा झोत सोडला की हवेत धूळ आहे की नाही ते लगेच कळतं. धूळ नसेल तर झोताची वाट काळी दिसते. मग त्याने अशा हवेच्या पेट्यांत उकळलेले मांसरस आणि काढे ठेवले. ते नासले नाहीत. निर्जीव पदार्थातून जीव आपोआप उपजतात असं मानणाऱ्या हेन्री बॅस्टियन यांच्याशी त्याचं यावरून जुंपलं.

पण एकदा गवताच्या काढ्याने त्याला चकवलं. कितीही उकळा, नासतोच. कारण होतं उष्णतेला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू. 1877 मध्ये त्याने तोडगा सांगितला. थोडा वेळ उकळा, मग थांबा, बीजाणू रुजून कोवळे जिवाणू झाले की पुन्हा उकळा, असं लागोपाठ करा. सूक्ष्मजीवशास्त्रात याला टिंडलायझेशन म्हणतात. अग्निशमन दलासाठी कापूस, ग्लिसरीन आणि कोळसा वापरून धुरात तोंडावर लावायचा मुखवटाही त्याने तयार केला होता.

गिर्यारोहक टिंडल हा दुसरा कुणी का?

तोच हा. हिमनद्या कशा सरकतात हे अभ्यासायला आल्प्समध्ये गेला आणि डोंगरांच्या नादी लागला. स्वित्झर्लंडमधल्या साडेचार हजार मीटर उंचीच्या वाइसहॉर्नवर 19 ऑगस्ट 1861 रोजी पहिल्यांदा माणूस पोचला, तो टिंडल आणि त्याचे दोन वाटाडे. मॅटरहॉर्नचं शिखर 1862 मध्ये थोडक्यात हुकलं. त्या डोंगराच्या खांद्यावरच्या एका टोकाला आज त्याचं नाव आहे.

त्याचं धर्ममार्तंडांशी भांडण का झालं?

1874 च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्याने ठणकावलं की विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न विज्ञानाचा आहे, धर्मशास्त्राने त्यातून हात काढावा. आयर्लंडच्या भूमीवर एका आयरिश माणसाने हे बोलणं! चर्चच्या व्यासपीठांवरून त्याच्यावर आगपाखड झाली. जीवशास्त्रज्ञ हक्स्ली, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर, तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर या मित्रांसह तो 'एक्स क्लब' नावाच्या छोट्या मंडळात होता. आगरकर ज्याच्या विचारांनी भारावले होते, तोच हा स्पेन्सर.

तो गणितात कच्चा होता म्हणतात.

मॅक्सवेल, थॉमसन या गणिती भौतिकशास्त्रज्ञांच्या तुलनेत होताच. मॅक्सवेलने तर त्याची खिल्ली उडवणारी कविता लिहिली. टिंडलच्या नावाचं एकही समीकरण नाही, आणि पाठ्यपुस्तकं समीकरणांभोवती रचलेली असल्यामुळे तो त्यांतून गळाला, असं मला वाटतं.

त्याचा मृत्यू बायकोच्या हातून झाला, हे खरं आहे?

खरं आहे, पण तो अपघात होता. निद्रानाशासाठी तो क्लोरल घेत असे आणि पोटासाठी मॅग्नेशिया. 4 डिसेंबर 1893 च्या सकाळी पत्नी लुइझाने मॅग्नेशिया समजून क्लोरल दिलं. चूक लगेच ध्यानात आली, डॉक्टर आले, पण उपयोग झाला नाही. लुइझा त्याच्याहून बरीच लहान होती आणि लेखन-प्रयोगांत त्याला मदत करत असे. पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं ती त्याची पत्रं आणि टिपणं जमवत राहिली. 1940 मध्ये ती गेली, आणि चरित्र निघालं 1945 मध्ये. त्या मधल्या काळात जग त्याला बरंचसं विसरलं होतं.

त्याच्या प्रयोगाचा आज प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो?

ऑपरेशन थिएटरमध्ये. भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारा कॅप्नोग्राफ अवरक्त किरणांच्या शोषणावरच चालतो. टिंडलने 1860 च्या दशकात माणसाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड याच रीतीने मोजला होता.

घरी करून पाहता येईल असं काही?

काचेच्या उभट भांड्यात पाणी घ्या, खोली अंधारी करा, एका बाजूने पांढरा टॉर्च लावा. मग दूध थेंबाथेंबाने टाकून ढवळत जा. बाजूने पाहिलं तर झोत निळसर दिसू लागतो, आणि समोरून, पाण्यातून टॉर्चकडे पाहिलं तर पिवळसर-नारिंगी. पोलरॉइड गॉगल असेल तर बाजूने पाहताना तो फिरवा, निळसर झोत उजळतो आणि मंदावतो. दूध जास्त झालं की सगळंच पांढरं होतं. तसं झालं तर ओतून द्या आणि कमी दुधात पुन्हा करा.